आफ्रिकेतील सफारी

सफारी म्हणजे वन्य प्राणी त्यांच्या नैसर्गिक अधिवासात पाहण्यासाठी केलेला प्रवास होय. हा शब्द स्वाहिली भाषेतील असून मराठीतील ‘सफर’प्रमाणेच त्याचे मूळ अरबी आहे. पूर्वी सफारी प्रामुख्याने शिकारीसाठी होत असे. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली.

देशाची निवड

पहिल्या सफारीसाठी देशाची निवड मुख्यतः ऋतू, खर्च व आरोग्य यांवर अवलंबून असते. केनियातील मसाई मारा व टांझानियातील सेरेंगेटी हा सलग गवताळ प्रदेश आहे. तेथील विल्डबीस्ट व झेब्र्यांचे कळप पावसामागे फिरतात. ते साधारणतः जानेवारी ते मार्च दक्षिण सेरेंगेटीत, तर जुलै ते ऑक्टोबर मारा नदीच्या परिसरात असतात. त्यामुळे महिना ठरल्यावरच देश ठरतो. दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यानात (स्थापना १९२६) डांबरी रस्ते असून पर्यटक स्वतः मोटार चालवू शकतात. बोत्स्वानातील ओकावँगो त्रिभुज प्रदेशात होडीतूनही सफारी करता येते. मात्र मोजके पर्यटक व चढे दर हे तेथील धोरण असल्याने खर्च अधिक येतो.

आरोग्य

क्रुगर परिसरात हिवतापाचा धोका असतो. दक्षिण आफ्रिकेतीलच पिलानेसबर्ग व मडिक्वे ही अभयारण्ये हिवतापमुक्त असल्याने लहान मुलांसह जाणाऱ्यांना सोयीची ठरतात. केनियाहून भारतात परतणाऱ्यांना पीतज्वर लसीकरणाचे प्रमाणपत्र आवश्यक असते. ते लस घेतल्यानंतर १० दिवसांनी वैध होते. प्रमाणपत्र नसल्यास ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते.