निळा पडदा आणि माजघरातले पाहुणे

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवतोय का? अमिरातीत सकाळचे आठ वाजून नऊ मिनिटं झाली होती, भारतात साडेनऊ उलटून गेले होते. इथे २०२२ पासून सरकारी कचेऱ्यांना शुक्रवारी अर्धा दिवस काम असतं (शारजाकरांना तर पूर्ण सुट्टी), त्यामुळे दुपारच्या नमाजाआधी कामं उरकायची घाई असते. त्या घाईतच पडदे निळे व्हायला लागले. दुबई विमानतळाच्या टर्मिनल १ आणि २ वर काही एअरलाइन्सचं चेक-इन अडकलं आणि त्यांना दुसऱ्या यंत्रणेवर जावं लागलं. अमिरातीच्या परराष्ट्र मंत्रालयाने आपल्या काही इलेक्ट्रॉनिक यंत्रणांवर परिणाम झाल्याचं कळवलं. ज्यांनी लग्नाचा दाखला किंवा डिग्री घेऊन अ‍ॅटेस्टेशनच्या वाऱ्या केल्या आहेत, त्यांना या मंत्रालयाचं नाव वेगळं सांगायला नको. भारतात इंडिगोने जवळपास दोनशे उड्डाणं रद्द केली आणि लोकांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. आईला भेटायला मुंबईला निघालेल्या माणसाच्या हातात पेनाने लिहिलेला कागद! चाळीस वर्षांपूर्वी गल्फला आलेल्यांना ते दृश्य नवं वाटलं नसेल.

बातम्यांत ‘सायबर आउटेज’ हा शब्द होता. हल्ला झाला असावा, असंच पहिल्यांदा अनेकांना वाटलं. प्रत्यक्षात तो एका ड्रायव्हरचा घोळ होता. ड्रायव्हरच्या घोळाचा इतिहास आपल्यापैकी बऱ्याच जणांनी घरच्या टेबलावर जगलेला आहे, म्हणून तो जरा मागे जाऊन सांगतो.

आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते पाहू. जुन्या घरात ओसरी असते आणि माजघर असतं. वर्ड, ब्राउझर, गाण्यांचा प्लेअर ही ओसरीवरची माणसं. त्यांच्यातलं कोणी कोसळलं तर तेवढ्यालाच बाहेर काढायचं, घर चालू राहतं. साउंड कार्ड, नेटवर्क कार्ड यांच्याशी बोलणारा ड्रायव्हर मात्र बहुतेक वेळा माजघरात बसतो. त्या माजघराला कर्नल म्हणतात. तिथे बसलेल्याने चुकीच्या जागी हात घातला तर विंडोज मुद्दाम सगळं काम थांबवते, कारण पुढे चालू राहिलं तर तुमच्या फायली खराब होण्याची भीती असते. निळा पडदा म्हणजे घरमालकाने स्वतः ओढलेली कडी.

नव्वदीच्या दशकात बर दुबईच्या खालिद बिन अल वलीद रोडवर कम्प्युटरच्या दुकानांची रांग होती. जवळच मनखूल रोडवरचं अल ऐन सेंटर. कराम्यात किंवा रफ्यात राहणारे आपले लोक इथूनच पीसी जुळवून घ्यायचे. मदरबोर्ड तैवानचा, मोडेमच्या खोक्यावर नाव नाही, साउंड कार्डवर फक्त ‘साउंड ब्लास्टर कम्पॅटिबल’ असा शिक्का, आणि सोबत प्लास्टिकच्या पिशवीत एक फ्लॉपी. त्या फ्लॉपीवर ड्रायव्हर. तो कोणी लिहिला, कोणत्या चिपसाठी लिहिला, पुढची आवृत्ती कुठे मिळेल, याचा पत्ता नाही. ब्रँडेड मशिनच्या मानाने असेंबल्ड पीसी स्वस्त पडायचा आणि ज्याला घरी पैसे पाठवायचे असत त्याच्यासाठी हा हिशोब सोपा होता.

भांडणाचं मूळ अनेकदा साधं असे. त्या पीसीत उपकरणांना प्रोसेसरचं लक्ष वेधायला सोळाच रांगा होत्या, ० ते १५, त्यांना आयआरक्यू म्हणत. बऱ्याचशा आधीच घेतलेल्या. पहिल्या प्रिंटर पोर्टची ठरलेली रांग ७, आणि जुन्या साउंड ब्लास्टरलाही ७ च हवी. त्यातच ‘एनई२००० कम्पॅटिबल’ नेटवर्क कार्ड ३ नंबर मागायचं, जो दुसऱ्या सीरियल पोर्टचा. कार्डावरचा इवलासा जम्पर चिमट्याने उचलून एक घर पुढे लावला की भांडण मिटे. चुकला की मशिन गप्प.

विंडोज ९५ ने ‘प्लग अँड प्ले’ आणलं. त्याच वर्षी एतिसलातने अमिरातीत इंटरनेट सुरू केलं. आता मोडेम हवा होता, आणि बाजारात ‘विनमोडेम’ नावाचा स्वस्त प्रकार आला. त्यात मोडेमचं बरंचसं काम मोडेम करतच नसे, ड्रायव्हर करून घेई. म्हणजे ड्रायव्हर बिघडला की मोडेम नुसता पत्रा. भारतात फोन लावणं परवडत नसताना ज्या घराचा पुण्या-सांगलीशी संबंध ई-मेलवर टिकून होता, त्या घरात डिव्हाइस मॅनेजरमधलं पिवळं उद्गारचिन्ह हा थट्टेचा विषय नव्हता.

उत्पादकांचीही स्थिती काही वेगळी नव्हती. २० एप्रिल १९९८ ला शिकागोच्या कॉमडेक्समध्ये विंडोज ९८ चं प्रात्यक्षिक चालू होतं. शेजारी बिल गेट्स उभे. स्कॅनर जोडला आणि मोठ्या पडद्यावर निळा पडदा आला. म्हणून तर ही आवृत्ती अजून विकायला काढलेली नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेट्सनी वेळ मारून नेली. लोक हसले. बर दुबईतल्या मेकॅनिकला मात्र असं हसून सुटता येत नसे, गिऱ्हाईक समोर उभं असे. मग तो एफ८ दाबून सेफ मोडमध्ये जाई. सेफ मोड म्हणजे माजघरात अगदी घरचेच तेवढे ठेवायचे, बाकी सगळ्यांना बाहेर. मग शेवटी कोण आत आला होता ते आठवायचं, त्याचा ड्रायव्हर काढायचा, पुन्हा चालू करायचं. नाहीच जमलं तर ‘फॉर्मॅट मारू या’. या एका वाक्यात किती घरांचे फोटो आणि पत्रं गेली याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

मायक्रोसॉफ्टला हे सगळं दिसत होतं. विंडोज एक्सपीच्या काळात नोंदल्या गेलेल्या क्रॅशपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होते, असा आकडा २००३ च्या एका संशोधन निबंधात आहे. उपाय म्हणून विंडोज २००० मध्ये ड्रायव्हर व्हेरिफायर आला होता, एक्सपीत जुन्या ड्रायव्हरवर परत जाण्याची सोय आली. टॉम बॉल आणि श्रीराम राजामणी यांच्या संशोधनातून ड्रायव्हरचा कोड न चालवताच तपासणारं साधन तयार झालं. आणि शिक्का आला. तपासून घेतलेल्या ड्रायव्हरवर डिजिटल सही, नसेल तर इशारा. पण त्या इशाऱ्यावर ‘कंटिन्यू एनीवे’ असं बटण होतं आणि कित्येक उत्पादकांच्या छापील पुस्तिकेतच ते दाबा असं लिहिलेलं असे. आपण सगळ्यांनी ते दाबलं. व्हिस्टाच्या ६४-बिट आवृत्तीत ते बटणच गेलं: कर्नलमध्ये यायचं तर सही हवीच.

पुण्यात याच काळात अँटिव्हायरसचा धंदा वाढत होता. सातारा जिल्ह्यातून आलेल्या कैलास काटकरांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि भाऊ संजय यांच्यासोबत क्विक हील उभं केलं. अँटिव्हायरसला प्रत्येक फाइल उघडण्याआधी बघायची असते, म्हणून त्याचाही ड्रायव्हर माजघरात बसतो. एका मशिनवर दोन अँटिव्हायरस टाकले की दोघेही एकच फाइल धरून ओढतात आणि मशिन अडकतं. ‘एकाने भागत नाही, दोन टाका’ असा सल्ला देणारे हितचिंतक तेव्हा प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक तरी असत.

सहीने प्रश्न सुटला असं वाटत असतानाच आखाताच्या पलीकडून, दुबईपासून समुद्राने फार लांब नसलेल्या इराणमधून, एक तक्रार आली. २०१० च्या जूनमध्ये बेलारूसच्या एका छोट्या अँटिव्हायरस कंपनीतल्या सर्गेई उलासेन यांच्याकडे इराणी गिऱ्हाइकाचं रडगाणं आलं: मशिन निळी पडतायत, आपोआप रीबूट होतायत. उलासेन यांना आधी वाटलं विंडोजची मांडणी चुकली असेल, किंवा दोन प्रोग्रॅमची भांडणं असतील. तुम्हाआम्हालाही तेच वाटलं असतं. पण विंडोज नव्याने टाकलेल्या मशिनवरही तेच होत होतं. शोधत गेल्यावर दोन ड्रायव्हर सापडले, आणि त्यांच्यावर खरी सही होती, रियलटेकची. खेकड्याचं चिन्ह असलेली ही तीच तैवानी कंपनी, जिचा साउंड ड्रायव्हर तुमच्या पीसीतही बहुधा आहे. कंपनीची सही चोरून वापरली गेली होती. तो व्हायरस पुढे स्टक्सनेट नावाने जगाला माहीत झाला. दोन वर्षांनी, ऑगस्ट २०१२ मध्ये, सौदी अराम्कोची सुमारे तीस हजार मशिन पुसणाऱ्या शमूनने तर चोरीही केली नाही. बाजारात रीतसर विकला जाणारा, सही असलेला डिस्कचा ड्रायव्हर त्याने वापरला. पिशवीतल्या फ्लॉपीला अनधिकृत म्हणणं सोपं होतं, यांना काय म्हणायचं?

आता पुन्हा त्या शुक्रवारी येऊ. क्राउडस्ट्राइकच्या ड्रायव्हरची तपासणी झालेली होती, सही होती, सगळं अधिकृत. पण त्या ड्रायव्हरला रोज नव्या धोक्यांची माहिती देणाऱ्या छोट्या फायली त्या तपासणीतून जात नव्हत्या. त्या सकाळी आलेल्या २९१ क्रमांकाच्या फाइलमुळे ड्रायव्हर एकवीस रकान्यांची अपेक्षा धरून बसला आणि मिळाले वीस. एकविसावा वाचायला त्याने नसलेल्या जागी हात घातला. अठ्ठ्याहत्तर मिनिटांनी, अमिरातीच्या नऊ सत्तावीसला, कंपनीने फाइल मागे घेतली. तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख मशिन पडली होती.

आणि उपाय काय सांगितला? सेफ मोडमध्ये जा, ड्रायव्हरच्या फोल्डरमधली ती एक फाइल काढून टाका, पुन्हा चालू करा. बर दुबईचा मेकॅनिक १९९८ मध्ये जे करत होता तेच. अडकलेल्या बऱ्याचशा मशिनना दुरून हात लावता येत नव्हता. आयटीतल्या माणसांना (आणि अमिरातीत त्या खुर्च्यांवर किती भारतीय बसतात ते तुम्हाला ठाऊक आहे) एकेका मशिनपाशी स्वतः जावं लागलं. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर प्रत्येक मशिनची अठ्ठेचाळीस आकडी किल्ली आधी शोधायची. काही ठिकाणी त्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर, तोच सर्व्हर निळा पडलेला.

सुरक्षा कंपन्यांना माजघरात घ्यावंच का, हा वाद त्यानंतर पेटला. तो नवा नाही. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिस्टाचं कर्नल बंद करायला घेतलं तेव्हा सिमँटेक आणि मॅकॅफीने आरडाओरडा केला होता, आणि २००९ मध्ये युरोपियन कमिशनला दिलेल्या शब्दाकडे मायक्रोसॉफ्ट आजही बोट दाखवते. माझं मत विचाराल तर दोघांच्या बोलण्यात धंदा जास्त आहे. पण २०२५ पासून अँटिव्हायरसला कर्नलबाहेर बसवण्याची तयारी सुरू झाली, न उठणाऱ्या मशिनला दुरून दुरुस्त करण्याची सोय आली आणि निळा पडदा काळा झाला. त्यावर आता अडकलेल्या ड्रायव्हरचं नावही दिसतं. दिसलं तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा, निम्मं निदान तिथेच होतं. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ देणाऱ्या साइटकडे न जाता लॅपटॉपच्या कंपनीकडून किंवा विंडोज अपडेटमधूनच ड्रायव्हर घ्या. आणि बिटलॉकरची ती अठ्ठेचाळीस आकडी किल्ली आजच तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शोधा, कागदावर उतरवा, आणि पासपोर्ट ठेवता त्या फाइलीत ठेवून द्या.