वेशीबाहेरचे जुने गावकरी

स्पॅनिश भाषेत वस्तीला, मोहल्ल्याला ‘बारियो’ म्हणतात. हा शब्द मूळचा स्पॅनिश नाही. स्पेनमध्ये अरबांची सत्ता होती, त्या काळात तो अरबीतून तिथे रुजला. अरबीत ‘बर्र’ म्हणजे जमीन आणि ‘बर्री’ म्हणजे रानातलं, मोकळ्या मैदानातलं. उर्दूत भारतीय उपखंडाला ‘बर्र-ए-सगीर’ म्हणतात, त्यातला बर्र हाच. स्पेनमधल्या अरबीत या शब्दाला ‘बाहेरचं’ असा अर्थ आला. म्हणजे बारियो ही मुळात गावाबाहेरची वस्ती.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या लॉस एंजेलिस काउंटीत हा शब्द रोजच्या बोलण्यात आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. या जिल्ह्याची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत एक कोटीवर होती. त्यांत सुमारे ४८ टक्के लोक लॅटिन अमेरिकी वंशाचे आणि त्यांतले बहुसंख्य मेक्सिकन. पण ते जिल्ह्यात सारखे पसरलेले नाहीत. समुद्रकाठच्या मालिबूत किंवा श्रीमंत बेव्हर्ली हिल्समध्ये ते थोडे. पूर्वेकडच्या ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये मात्र २०१०च्या जनगणनेत शंभरातले ९७ जण लॅटिनो होते. लोक आपल्या माणसांत राहायला जातात, हे त्याचं सोपं उत्तर. ते खोटं नाही, पण अपुरं आहे.

लॉस एंजेलिस हे गावच मुळी या लोकांच्या पूर्वजांनी वसवलं. ४ सप्टेंबर १७८१ रोजी ४४ माणसं तिथे वस्तीला आली. स्त्री-पुरुष, मुलंबाळं धरून अकरा कुटुंबं. आज मेक्सिकोत असलेल्या सिनालोआ आणि सोनोरा या मुलखांतून ती आली होती आणि बहुतेकांच्या अंगात आदिवासी आणि आफ्रिकी रक्त होतं. त्यांच्याही आधी शेकडो वर्षं तोंगवा आदिवासी तिथे नांदत होते, हेही विसरता कामा नये. १८२१ साली मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला आणि हा मुलूख मेक्सिकोचा झाला. पुढे अमेरिकेशी युद्ध झालं, मेक्सिको हरला आणि २ फेब्रुवारी १८४८च्या तहानं कॅलिफोर्निया अमेरिकेकडे गेला. ज्यांनी गाव वसवलं, ते घरात बसल्या बसल्या परक्या राज्याचे रहिवासी झाले.

तहात त्यांच्या मालमत्तेला अभय दिलं होतं. पण १८५१ साली कायदा आला, की प्रत्येक जमीनदारानं आपली मालकी आयोगापुढे सिद्ध करावी. कागद जुने, हद्दी ओढ्यांनी आणि झाडांनी ठरवलेल्या, न्यायालयाची भाषा इंग्रजी. खटले वर्षानुवर्षं चालले. वकिलांची फी, सावकारांचं व्याज आणि १८६०नंतरच्या दशकातला दुष्काळ यांत बहुतेकांच्या जमिनी गेल्या. गरीब मेक्सिकन जुन्या चौकाच्या उत्तरेला गोळा झाले. त्या भागाला नवे लोक ‘सोनोराटाउन’ म्हणू लागले. तो पहिला बारियो.

१८७६ साली दक्षिण पॅसिफिक रेल्वे गावात आली. रूळ टाकायला, विटा भाजायला, संत्री तोडायला माणसं हवी होती. १९१०च्या क्रांतीनंतर मेक्सिकोतून हजारो कुटुंबं आली आणि काम तिथेच बिऱ्हाड, अशी राहिली. वॉट्समध्ये रूळ टाकणाऱ्यांची वस्ती, माँटेबेलोत वीटभट्टीची, एल माँटेत मळ्यांवर राबणाऱ्यांची. आज नकाशावर सुटे वाटणारे कित्येक ठिपके असे मजुरीच्या जागांवर उमटले आहेत.

चांगल्या वस्तीत घर घ्यावं, तर विक्रीच्या दस्तातच अट असे, की हे घर गोऱ्यांखेरीज कुणाला विकू नये. बॉइल हाइट्स या भागात अशी बंधनं कमी होती. म्हणून तिथे मेक्सिकन, ज्यू, जपानी, रशियन शेजारी शेजारी राहिले. पण १९३९ साली घरकर्जासाठी सरकारी संस्थेनं जो नकाशा केला, त्यात याच सरमिसळीमुळे बॉइल हाइट्सला लाल रंग दिला. लाल म्हणजे धोक्याचं, कर्ज देण्याजोगं नाही. दस्तातल्या त्या अटी न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९४८ साली दिला. तोवर वस्त्यांची घडी बसून गेली होती.

जे मिळालं होतं, तेही सुखानं राहू दिलं नाही. १९३१पासून, मंदीच्या काळात, काउंटीनंच तिकिटं काढून मेक्सिकन कुटुंबांना आगगाडीनं मेक्सिकोला धाडलं. त्यांतली कित्येक मुलं अमेरिकेतच जन्मलेली, म्हणजे नागरिक होती. कॅलिफोर्निया राज्यानं त्याची माफी मागणारा कायदा २००५ साली केला. १९५० साली चावेझ रवीन या टेकड्यांमधल्या तीन वस्त्यांना, सरकारी घरं बांधायची म्हणून, उठण्याच्या नोटिसा गेल्या. घरं झाली नाहीत. १९६२ साली तिथे बेसबॉलचं स्टेडियम उभं राहिलं. बॉइल हाइट्सची घरं पाडून महामार्गांचं प्रचंड जंक्शन बांधलं गेलं.

या सगळ्या रेघा जमिनीवरच्या. आणखी एक रेघ कागदावरची होती. जिल्ह्याचा कारभार पाच निवडून आलेल्या सभासदांचं मंडळ पाहतं. एका कोटीवर पाच माणसं. १९५८ साली एडवर्ड रॉयबाल हे मेक्सिकन वंशाचे नेते या मंडळासाठी उभे राहिले आणि थोडक्या मतांनी हरले. पुढच्याच वर्षी त्या मतदारसंघाच्या हद्दी बदलल्या. त्यानंतरही दर फेररचनेत मेक्सिकन वस्त्या दोन-तीन मतदारसंघांत वाटल्या गेल्या. एकत्र राहिल्या असत्या तर त्यांचा माणूस निवडून आला असता. वाटल्या गेल्यामुळे त्या कुठेच मोजल्या गेल्या नाहीत.

१९८८ साली हे प्रकरण न्यायालयात गेलं. १९९० साली निकाल लागला, की सभासदांनी आपापल्या खुर्च्या सांभाळण्यासाठी जाणूनबुजून या समाजाचे तुकडे केले. मनात द्वेष नसला तरी तो भेदभावच, असं न्यायालयानं मानलं. मला हा निकाल म्हणूनच मोलाचा वाटतो. अन्याय करायला शत्रुत्व लागतंच असं नाही. आपली सोय पाहणं पुरतं.

नव्या हद्दींनुसार फेब्रुवारी १९९१मध्ये निवडणूक झाली आणि ग्लोरिया मोलिना निवडून आल्या. त्या मंडळावरच्या पहिल्या लॅटिनो स्त्री आणि विसाव्या शतकातल्या पहिल्या लॅटिनो सभासद. त्यांचा जन्म १९४८चा, वीटभट्ट्यांच्या माँटेबेलोतला. वडील मजूर आणि त्या दहा भावंडांत थोरल्या.

ईस्ट लॉस एंजेलिसला अजून स्वतःची नगरपालिका नाही. ती मिळवण्याचे प्रयत्न अनेकदा झाले, सगळे फसले. त्यामुळे तिथल्या लाखभर लोकांचं जिल्ह्याचं मंडळ हेच गाव पातळीवरचं सरकार. रस्त्याच्या दिव्यासाठीसुद्धा त्या पाचांतल्या एकाकडे जावं लागतं. नोव्हेंबर २०२४मध्ये मतदारांनी पाचांचे नऊ सभासद करायला कौल दिला. हद्दी आखण्याचं काम आता सभासदांच्या हाती नाही, नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाकडे आहे. २०३०च्या जनगणनेनंतर नऊ मतदारसंघ आखले जातील, तेव्हा पेन्सिल कुठल्या गल्लीतून जाते, याकडे बारियोतली माणसं डोळ्यांत तेल घालून पाहतील.