कासवाचा माग

ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी रात्री पुळणीवर चढते, मागच्या पायांनी साधारण दीड फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी फुगीर असा मडक्यासारखा खड्डा खणते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून तो बुजवते आणि पोटाच्या कवचाने ती वाळू थापटून बसवते. तासाभरात ती पुन्हा पाण्यात गेलेली असते. मागे राहतो तो फक्त माग: एक वर येणारा, एक खाली जाणारा, दोहोंच्या मध्ये विस्कटलेल्या वाळूचा एक पट्टा. वारा सुटला किंवा पुढची भरती चढली की तोही पुसला जातो. म्हणजे घरटं सापडायचं तर उजाडायच्या आत पुळणीवर जाणारा, माग ओळखणारा आणि काठी रुतवून खालची भुसभुशीत वाळू हाताला जाणवणारा माणूस हवा. कोकणच्या किनारी गावांत अशी माणसं होती, फक्त ती अंडी काढून न्यायला जात. गेल्या पंचवीस वर्षांत कोकणात कासव वाचवण्याचं जे काम झालं त्याचं श्रेय कुणी कायद्याला देतं, कुणी निसर्गप्रेमाला, कुणी आपल्या भाविकपणाला. माझ्या मते हा इतिहास या माग काढणाऱ्या माणसाने बाजू बदलल्याचा आहे आणि बाकीच्या गोष्टी त्या बदलाला कितपत उपयोगी पडल्या एवढाच प्रश्न उरतो.

भाविकपणाचा दावा आधी पाहू. कासव हा विष्णूचा दुसरा अवतार. कोकणातच काय, साऱ्या महाराष्ट्रात देवळाच्या सभामंडपात दगडी कासव असतं आणि त्याला पाय लागू नये म्हणून माणसं वळसा घालून गाभाऱ्याकडे जातात. पण त्याच गावाच्या पुळणीवरची अंडी टोपलीतून जात होती, विकली आणि खाल्लीही जात होती. यात दांभिकपणा शोधण्याचं कारण नाही. पूजा मूर्तीची होती. रात्री येऊन जाणारा, क्वचितच कुणाच्या दृष्टीला पडणारा प्राणी त्या पूजेच्या कक्षेत आलाच नव्हता. गावाला निसर्गाच्या बाबतीत संयम ठाऊक नव्हता असंही नाही. देवराईतली काटकी उचलायची नाही, हा नियम कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या पाळला. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊनच दर्यात उतरायचं, ही रीत मासळीच्या विणीच्या काळाशी बरीचशी जुळते. हे नियम टिकले कारण ते मोडणाऱ्याला गाव ओळखून होतं आणि जाब विचारत होतं. पुळणीवरच्या अंड्यांना असा धनी नव्हता. जे समुद्राने टाकलं ते सापडेल त्याचं, एवढाच तिथला कायदा.

सरकारी कायद्याची गोष्टही फार वेगळी नाही. ओडिशाच्या किनाऱ्यावर 1970च्या दशकाच्या मध्यापर्यंत कासवाची अंडी गोळा करण्याचे परवाने खुद्द वनखातं देत होतं. म्हणजे सरकारही त्या काळी अंड्यांकडे वनोपज म्हणूनच पाहत होतं. गावकऱ्याला वेगळं काही सुचायला हवं होतं असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा. समुद्री कासवं त्याच्या अनुसूची 1मध्ये, म्हणजे वाघाच्या पंगतीत बसली. तरी त्यानंतरही वर्षानुवर्षं कोकणात अंडी उकरली जातच राहिली. महाराष्ट्राचा किनारा सुमारे 720 किलोमीटरचा, त्यात खाड्यांनी तोडलेल्या शेकडो लहानमोठ्या पुळणी आणि मादी कोणत्या पुळणीवर कोणत्या रात्री चढेल याचा नेम नाही. ओडिशासारखी लाखोंनी एकाच वेळी येणारी कासवं इथे नाहीत. इथे तेव्हा एका हंगामात एका गावाच्या वाट्याला मोजकीच घरटी येत. त्यांच्या राखणीला प्रत्येक पुळणीवर वनरक्षक उभा करणं कोणत्याही खात्याला परवडलं नसतं.

देशात इतरत्र वाट निघाली ती सरकारबाहेरून. मद्रासच्या किनाऱ्यावर 1970च्या दशकात काही निसर्गवेड्या तरुणांनी रात्रभर चालून घरटी शोधायला सुरुवात केली आणि 1988पासून तिथल्या विद्यार्थ्यांनी ते काम आपल्या संघटनेमार्फत चालू ठेवलं. केरळात कोळिकोड जिल्ह्यातल्या कोलाविपालम गावी 1992 साली मच्छीमार तरुणांनीच कासवांसाठी संस्था काढली. मद्रासचे तरुण शहरातून पुळणीवर येत, तर कोलाविपालमची पोरं त्याच वाळूत वाढलेली. कोकणात जे घडलं ते या दोहोंच्या मधलं.

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सावित्री नदी जिथे बाणकोटपाशी समुद्राला मिळते तिथे, मंडणगड तालुक्यात वेळास आहे. पेशवाईतल्या नाना फडणवीसांचं गाव म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत त्याचं नाव येतं. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था 2002 साली तिथे पोचली ती कासवांसाठी नाही. भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाच्या मागावर होते. पुळणीवर त्यांना अंड्यांची टरफलं दिसली, चौकशी केल्यावर गावात काय चालतं ते कळलं. इथे त्यांना दोन रस्ते होते. खात्याला कळवून गुन्हे दाखल करवायचे, किंवा ज्यांना घरटी सापडतात त्यांनाच हाताशी धरायचं. त्यांनी दुसरा रस्ता घेतला. ग्रामपंचायतीला विश्वासात घेतलं, गावातल्याच माणसांना कामाला लावलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं कुणी म्हणू शकलं असतं. पण या खजिन्याची दुसरी किल्लीच कुणाकडे नव्हती.

कामाचं स्वरूप पाहिलं की हे पटतं. पहाटे पुळणीवर फेरी मारायची, माग दिसला की तो चढता की उतरता हे ओळखायचं, कारण मादी कधीकधी अंडी न घालताच परतते आणि तिथे उकरणं व्यर्थ असतं. घरटं सापडलं की हाताने वाळू काढायची, अंडी हलक्या हाताने उचलायची, भरतीच्या रेषेच्या वर जाळीच्या कुंपणात तशाच मडक्याच्या आकाराचा खड्डा खणून त्यात ती ठेवायची, वर टोपली झाकायची, तारीख लिहायची. हे सगळं लवकर आटपायचं आणि नेताना अंडं उलटंपालटं होऊ द्यायचं नाही, कारण आतला गर्भ एकदा कवचाला चिकटला की धक्का त्याला सोसत नाही. साधारण पन्नास दिवसांनी टोपलीखालची वाळू खचते. तेच चिन्ह. मग वाळूतून एक काळपट डोकं, दुसरं, आणि बघता बघता टोपलीभर वळवळ. वेळासला पहिल्या हंगामात 50 घरटी राखली गेली आणि 2,734 पिल्लं समुद्रात गेली. घरट्यामागे सरासरी पंचावन्न पिल्लं पडतात, म्हणजे अंड्यांच्या मानाने निम्मी. हात शिकाऊ होते हे त्यातून दिसतं, पण आधीच्या हंगामांत त्याच पुळणीवरून किती पिल्लं समुद्रापर्यंत पोचत असतील याचा विचार केला की त्या आकड्याचं मोल कळतं.

इथे पहिला आक्षेप येतो. ज्याला मानधन मिळतं तो स्वयंसेवक कसला? आज गावोगावी ‘कासवमित्र’ म्हणून काम करणाऱ्यांना काही रक्कम मिळते. वेळासला 2006च्या सुमारास कासव महोत्सव सुरू झाल्यावर तर पुण्या-मुंबईहून येणारे लोक गावातल्या घरांतच उतरू लागले. पडवीत गाद्या, जेवायला सोलकढी, उकडीचे मोदक आणि सकाळ-संध्याकाळ पिल्लं सोडताना बघायला पुळणीवर गर्दी. म्हणजे हे निसर्गप्रेम की धंदा? हा आक्षेप घेणाऱ्यांनी एक हिशेब करावा. नोव्हेंबर ते मे, रोज पहाटे आणि अनेकदा रात्रीही चालणं, हे काम शहरातला हौशी माणूस आठवडाभर करेल. गावातल्या ज्या माणसाने ते वर्षानुवर्षं केलं त्याने अंड्यांचं उत्पन्न सोडलं होतं. त्याची भरपाई कुणी करायची नाही आणि त्याने फुकट राबायचं, ही अपेक्षा निसर्गाचं कर्ज सगळ्यात गरिबाच्या खात्यावर टाकते. चिपळूणच्या मंडळींनी निरपेक्ष काम केलं हे खरंच. पण गावाचा सहभाग टिकला तो निरपेक्ष नव्हता म्हणून. अंड्यापेक्षा जिवंत पिल्लाची किंमत जास्त झाली आणि ती कमाई एका उकरणाऱ्याच्या टोपलीत न जाता गावातल्या अनेक घरांत गेली. घरटं उकरणाऱ्याला जाब विचारणारं कुणीतरी पुळणीवर पहिल्यांदाच उभं राहिलं. देवराईला जो धनी होता तो पुळणीला असा मिळाला.

दुसरा आक्षेप शास्त्राचा आहे आणि तो जास्त वजनाचा आहे. कासवाच्या अंड्यातून नर निघेल की मादी हे वाळूच्या तपमानावर ठरतं. साधारण तीस अंशांच्या वर माद्या, खाली नर. घरटी हलवून एका कुंपणात गोळा केली की हे गणित माणसाच्या हाती जातं, आणि कुंपणाची जागा चुकली तर एकाच लिंगाची पिल्लं निघू शकतात. म्हणून शक्य असेल तिथे घरटं जागच्या जागी राखावं हे अभ्यासकांचं म्हणणं बरोबरच आहे. फक्त जिथे भटकी कुत्री आणि कोल्हे आहेत, पुळण पावसाळ्यागणिक खचते आहे आणि राखणाऱ्याच्या दोनच जोड्या पाय आहेत, तिथे घरटं जागच्या जागी ठेवणं म्हणजे अनेकदा ते सोडून देणंच असतं. पिल्लांच्या आकड्यांबद्दलही सावध राहायला हवं. हजार पिल्लांतलं एखादंच मोठं होतं असा अंदाज सांगतात, आणि त्यालाही दहा-पंधरा वर्षं लागतात. कोकणात घरट्यांची नोंद वाढली आहे, पण नोंद करणारी गावंही वाढली आहेत. दापोलीतलं आंजर्ले, गुहागर, दक्षिणेला वेंगुर्ल्याजवळचं वायंगणी अशी यादी लांबत गेली. कासवं वाढली की मोजणारे डोळे वाढले हे आज छातीठोक सांगता येत नाही. ‘इतकी लाख पिल्लं सोडली’ असे फलक लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. राखलेलं घरटं हा पुरावा राखण्याच्या कामाचा आहे, समुद्रातल्या संख्येचा नाही.

तिसरा आक्षेप पर्यटनाचा. गोव्यातल्या मोरजीला 1990च्या दशकाच्या उत्तरार्धातच गावकरी आणि वनखातं मिळून घरटी राखू लागले होते, म्हणजे वेळासच्या आधी. पुढे मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या चार किनाऱ्यांची नावं 2011च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत कासवांच्या विणीच्या जागा म्हणून नोंदवली गेली. पण मोरजीला कासवांचं पर्यटन रुजण्याआधी समुद्राचं पर्यटन पोचलं. दिवे, खुर्च्या, संगीत आणि रात्री उशिरापर्यंतची वर्दळ. दिव्याकडे वळलेलं पिल्लू पाण्याऐवजी जमिनीकडे जातं, आणि उजेड-गोंगाट असेल तर मादी वर चढतच नाही. वेळासला गाव आणि पुळण यांच्यामध्ये सुरूची झाडं आहेत, हॉटेलं नाहीत, आणि पाहुणा उतरतो तो गावकऱ्याच्या घरात, त्याच्या शब्दात. फरक पर्यटन असण्या-नसण्याचा नाही, पुळणीवर शब्द कुणाचा चालतो याचा आहे. हा फरक कायम टिकेल अशी खात्री मात्र देता येत नाही. जमिनीचे भाव वाढले की घरचा माणूसही विकतो, आणि ते कोकणात इतरत्र झालेलं आहे.

हळूहळू सरकारही याच वाटेने आलं. डिसेंबर 2018मध्ये महाराष्ट्रात एक योजना निघाली: जाळ्यात कासव, देवमासा किंवा देवमुशी सापडली आणि मच्छीमाराने जाळं कापून तिला सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई. दंडाची भाषा बाजूला ठेवून खर्चाची भाषा बोलण्याचं शहाणपण वेळासने सोळा वर्षं आधी दाखवलं होतं, हे नोंदवायला हवं. 2022च्या जानेवारीत वेळासला आलेल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला, तिचं नाव ठेवलं प्रथमा. आंजर्ल्याची सावनी, गुहागरच्या वनश्री, रेवा आणि लक्ष्मी तिच्यानंतरच्या. कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्थेच्या या प्रकल्पाने कोकणच्या कासवांचा समुद्रातला माग पहिल्यांदा नकाशावर आणला. वाळूवरचा माग ज्यांच्या डोळ्यांनी वाचला जात होता, ती माणसं नसती तर टॅग बसवायला रात्री मादी सापडलीच नसती.

जानेवारी 2025मध्ये गुहागरच्या पुळणीवर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर धातूची पट्टी दिसली. तिच्यावर क्रमांक होता 03233. ती पट्टी 2021 साली ओडिशाच्या किनाऱ्यावर बसवलेली होती. भारताच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवर विणीला येणारी कासवं वेगवेगळी, असं तोवर धरून चाललेलं होतं. बहुधा श्रीलंकेला वळसा घालून आलेल्या या मादीने गुहागरच्या वाळूत 120 अंडी घातली आणि त्यातून 107 पिल्लं निघाली.