उन्हाळ्यातले आभाळ : अंदाजाचा इतिहास आणि ढगांची ओळख

स्मृति नगरातली आपली बरीचशी मराठी घरे नागपूर, भंडारा, गोंदियाकडून इथे आलेली. त्यामुळे भिलाईचा उन्हाळा आपल्याला नवा नाही. तरीही मे महिन्यात दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न एकच, "आज किती गेला पारा?" रेल्वेच्या रुळांच्या कामात वीसेक वर्षे काढल्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या ड्युटीचाच भाग झाला आहे. म्हणून स्मरणिकेसाठी हाच विषय निवडला.

रूळ आणि हवामान यांचे नाते आधी सांगतो. भिलाईतून निघणारे रुळांचे लांब पॅनेल 260 मीटरचे असते. मोकळे ठेवले तर तापमान 40 अंशांनी वाढल्यावर ते सुमारे 12 सेंटिमीटर लांब होईल. पण जोडून टाकलेल्या लाइनीत त्याला वाढायला जागाच नसते. तो दाब आतल्या आत साठतो आणि हाताबाहेर गेला तर रूळ वाकतो. म्हणून ठरलेल्या तापमानाच्या वर रूळ 20 अंश तापला की भर दुपारी गस्त सुरू करावी लागते. उद्याचा पारा आम्हाला आजच का हवा असतो, ते यावरून कळेल.

अंदाज बांधण्याची आपली परंपरा फार जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत मेघांची लक्षणे सांगितली आणि भांड्यात साठलेला पाऊस द्रोण, आढक या मापांनी मोजण्याची रीत दिली. महाराष्ट्रात शेतकऱ्यांनी सहदेव-भाडळीचे ठोकताळे पिढ्यान्‌पिढ्या पाठ केले. छत्तीसगडात ज्याला 'नवतपा' म्हणतात, ते आपल्या पंचांगातल्या रोहिणी नक्षत्राचे पहिले नऊ दिवस, साधारण 25 मेपासूनचे. त्यानंतर मृग. हे सारे निरीक्षण मोलाचे, पण उद्या नेमके काय होईल हे त्यातून सांगता येत नव्हते.

ढगांना आज जगभर चालणारी नावे ल्यूक हॉवर्ड या लंडनच्या औषध बनवणाऱ्या गृहस्थाने डिसेंबर 1802 मधल्या एका व्याख्यानात दिली. सिरस म्हणजे केसांची बट, क्युम्युलस म्हणजे ढीग, स्ट्रॅटस म्हणजे थर आणि निंबस म्हणजे पावसाचा ढग. हवामान हा त्याचा पेशा नव्हे, छंद होता. आम्हा डिप्लोमावाल्यांना अशी उदाहरणे फार धीर देतात! पुढे 1896 मध्ये ढगांचा आंतरराष्ट्रीय अ‍ॅटलास निघाला आणि सगळे देश एकाच नावांनी ढगांची नोंद करू लागले.

भारतात मात्र हवामान खाते छंदातून नव्हे, संकटांतून जन्मले. 1864 मध्ये कलकत्त्याला चक्रीवादळाने झोडपले, 1866 मध्ये ओरिसात भीषण दुष्काळ पडला. त्यानंतर 1875 मध्ये खाते स्थापन झाले आणि एच. एफ. ब्लॅनफर्ड त्याचे प्रमुख झाले. हिमालयातल्या बर्फावरून पावसाळ्याचा अंदाज बांधण्याची पद्धत त्यांनी बसवली आणि 4 जून 1886 पासून असे अंदाज नियमित निघू लागले. 1928 मध्ये खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आले. पुण्यातल्या 'सिमला ऑफिस'चे नाव त्यातूनच पडले. 1944 मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले, पण पुण्याचे महत्त्व टिकले. तिथेच अ‍ॅना मणी यांनी 1948 पासून काम करताना जवळजवळ 100 हवामान उपकरणांची ड्रॉइंग प्रमाणित केली, म्हणजे उपकरणे देशातच बनू शकली. 1983 मध्ये इन्सॅट-1बी उपग्रह वर गेला आणि ढग वरूनही दिसू लागले. 2025 मध्ये खात्याला 150 वर्षे पूर्ण झाली.

आज उष्णतेच्या लाटेची व्याख्या पक्की आहे. मैदानी भागात कमाल तापमान किमान 40 अंश हवे आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त हवे, किंवा पारा थेट 45 ला पोचलेला हवा. पिवळा, नारिंगी, लाल हे इशारे त्या क्रमाने गंभीर होत जातात.

पण जिल्ह्याचा इशारा जिल्ह्याचाच असतो. आपल्या डोक्यावरची शेवटची अर्धी घटका आपणच ओळखावी लागते. उघड्या माळावर हातात लोखंडी पहार घेतलेली माणसे कामाला लावली असताना, काम चालू ठेवायचे की थांबवायचे, हे सुपरवायझरला आभाळ बघूनच ठरवावे लागते. छत्तीसगडात दरवर्षी वीज पडून माणसे दगावतात, त्यांत शेतात राबणारे पुष्कळ असतात. म्हणून एवढे तरी लक्षात ठेवावे.

खूप उंचावरचे पिसांसारखे पांढरे ढग म्हणजे सिरस. त्यातून पाऊस पडत नाही. दुपारचे कापसाच्या ढिगासारखे, सपाट बुडाचे छोटे ढग म्हणजे क्युम्युलस. ते उंच वाढत नाहीत तोवर काळजी नाही. सकाळीच मधल्या उंचीवर बुरुजांची रांग उभी राहावी तसे छोटे ढग दिसले, तर दुपारनंतर वळवाची शक्यता धरावी. आणि फुलकोबीसारखा ढग भराभर वर चढून त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरला, की तो क्युम्युलोनिंबस. वीज, गारा, वादळी वारा हे त्याचेच. उकाड्यात अचानक थंड वारा आणि धूळ आली, तर तो जवळ आला असे समजावे.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या इमारतीत जावे, झाडाखाली कधीही नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' अ‍ॅपही मोबाइलवर ठेवावे.

आता भाद्रपद आहे, आभाळात थरांचे ढग जास्त दिसतील. मुलांना मंडपाबाहेर नेऊन त्यांची नावे ओळखायला लावा. येत्या मे महिन्यापर्यंत त्यांचा सराव चांगला होईल आणि ऐरणीचा ढग दिसला की तीच आपल्याला घरात बोलावतील.

सर्वांना गणेशोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा!