चित्रपटांचे शाप आणि पडद्यामागील माणसें

चित्रपटाच्या धंद्यांत शकुनापशकुनांचें प्रस्थ आजचें नाहीं. मुंबईच्या स्टुडिओंत मुहूर्ताचा नारळ फुटल्यावांचून सहसा चित्रणास आरंभ होत नाहीं. हार घातलेल्या कॅमेऱ्यापुढें पाटी वाजते, पेढे वांटले जातात, आणि मगच लक्षावधि रुपयांचा तो डाव सुरू होतो. जेथें यशाचा भरंवसा कोणासहि देतां येत नाहीं, तेथें माणसानें दैवाचा धांवा करावा हें समजण्यासारखें आहे. पण या समजुतीची दुसरी बाजू शोचनीय आहे. चित्रणाच्या वेळीं अपघात झाले, माणसें दगावलीं, म्हणजे 'या चित्रालाच शाप होता' असें बोललें जाऊं लागतें. आणि अमेरिकेसारख्या यंत्रनिपुण देशांतहि हें बोलणें तितकेंच प्रचलित आहे. तेथील अशा एका शापाची हकीकत मुळापासून पाहिली म्हणजे त्या एका शब्दाआड काय काय झांकलें जातें याची कल्पना येते.

१९९३ सालच्या फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेस नॉर्थ कॅरोलिना संस्थानांतील विल्मिंग्टन या गांवीं 'द क्रो' या चित्रपटाच्या चित्रणास प्रारंभ झाला. पहिल्याच दिवशीं एक सुतार ज्या उचलयंत्राच्या पाळण्यांत उभा होता, त्याचा विजेच्या तारांना स्पर्श झाला आणि तो भयंकर भाजला. पुढें मार्चमध्यें मोठें वादळ येऊन उभारलेल्या देखाव्यांची मोडतोड झाली. एका कामगाराच्या हातांत पेचकस आरपार घुसला. चित्रण संपत आलें असतां, ३० मार्चची मध्यरात्र उलटल्यावर, नायक हातांत वाणसामानाची पिशवी घेऊन घरांत शिरतो आणि गुंड त्याच्यावर पिस्तुल झाडतो असा प्रसंग घेण्यांत येत होता. बार झाला, नायक कोसळला. तो अभिनय नव्हे हें भोवतालच्या मंडळींस कांहीं क्षणांनीं कळलें. ब्रॅन्डन ली हा अवघा २८ वर्षांचा नट त्याच दिवशीं दुपारीं रुग्णालयांत मरण पावला.

त्याचा पिता ब्रूस ली. तोहि १९७३ सालीं हाँगकाँग येथें वयाच्या ३२ व्या वर्षीं अकस्मात् वारला होता; आणि त्याच्या पश्चात् पुरा करून १९७८ सालीं प्रदर्शित केलेल्या 'गेम ऑफ डेथ' या चित्रपटांत, चित्रण चालू असतां खोट्या गोळीच्या जागीं खरी गोळी सुटून नट जखमी होतो, असा प्रसंगहि आहे! घराण्याच्या शापाची कथा रचावयास याहून अधिक सामग्री ती कोणती हवी? सुताराचें भाजणें, वादळ, पेचकस हे सारे प्रसंग एका माळेंत ओंवले गेले, आणि ती माळ आजतागायत फिरत आहे.

आतां त्या रात्रीं प्रत्यक्ष घडलें तें पाहावें. खऱ्या काडतुसाचे चार भाग असतात: पितळी नळकांडें, त्यांतील दारू, तोंडाशीं बसविलेली गोळी आणि तळाशीं असलेली, घोड्याचा आघात होतांच पेटणारी टोपी. चित्रपटासाठीं दोन निराळ्या जातींचीं काडतुसें लागतात. एक फुसकें, त्यांत दारू व टोपी असते, गोळी नसते, आणि त्याचा उपयोग आवाज व ज्वाळा यांपुरता. दुसरें केवळ दाखवावयाचें. त्यांत गोळी दिसते, परंतु दारू आणि जिवंत टोपी नसावी लागते. पिस्तुल जवळून दाखवावयाचें असलें म्हणजे चक्रांतील गोळ्या प्रेक्षकाच्या दृष्टीस पडतात, म्हणून हें दुसरें काडतूस हवें. तें तयार विकत मिळतें. 'द क्रो'च्या मंडळींनीं तें न आणतां खऱ्या काडतुसांच्या गोळ्या उपटल्या, दारू ओतून टाकली आणि गोळ्या पुनः बसविल्या. टोप्या मात्र जिवंत राहिल्या. केव्हां तरी घोडा दाबला गेला, टोपी पेटली, आणि तिच्या अल्पशा जोरानें गोळी नळींत थोडी पुढें सरकून तेथेंच अडकली. कोणाच्या तें लक्षांत आलें नाहीं. पुढें त्याच पिस्तुलांत फुसकें काडतूस भरण्यांत आलें. त्यांत गोळी नव्हती, पण दारू पुरेपूर होती. नळींत अडकलेली गोळी तिनें बाहेर फेंकली. शस्त्रांचा जाणकार त्या रात्रीं आधींच घरीं पाठविण्यांत आला होता. नळींतून एक बारीक सळई घालून पाहण्याचें काम दोन मिनिटांचेंहि नव्हतें.

सरकारी वकिलानें निष्काळजीपणा झाल्याचें मान्य केलें, तथापि खटला भरण्याजोगा गुन्हा नाहीं असें ठरविलें. संस्थानच्या कामगार खात्यानें निर्मात्यांस ८४,००० डॉलर दंड केला; तो पुढें ५५,००० वर आला. चित्रपट १९९४ च्या मे महिन्यांत प्रदर्शित होऊन चांगला चालला. शापानें धंद्याचें कांहीं बिघडविलें नाहीं असें म्हणावयास हरकत नाहीं.

या कथेंतील सर्वांत दुर्लक्षित मनुष्य म्हणजे तो पहिल्या दिवशींचा सुतार. शापाच्या आख्यानांत त्याचें भाजणें हें नायकाच्या मृत्यूचें पूर्वचिन्ह ठरतें. एका कामगाराचा अपघात म्हणून त्याचा विचार होतच नाहीं. वस्तुतः जिवंत तारांजवळ पाळणा कसा गेला हा प्रश्न आणि पिस्तुलाची नळी कोणीं तपासली हा प्रश्न, हे एकाच जातीचे प्रश्न आहेत. चिन्हाचा अर्थ लावावयाचा असतो, अपघाताची चौकशी करावयाची असते; आणि अर्थ लावण्यांत मन रमलें म्हणजे चौकशी मागें पडते.

शापाची दुसरी एक कथा अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तींत माणसें मेलीं तीं चित्रणानंतर कित्येक वर्षांनीं. चेंगीझखानावरील 'द कॉन्करर' या चित्रपटाचें बाह्यचित्रण १९५४ च्या उन्हाळ्यांत युटा संस्थानांत सेंट जॉर्ज या गांवाच्या परिसरांत झालें. त्याच्या आदल्या वर्षीं शेजारच्या नेवाडांत ११ अणुस्फोट करण्यांत आले होते, आणि त्यांची धूळ वाऱ्याबरोबर याच बाजूस आली होती. मंडळी आठवडेच्या आठवडे त्या रेतींत वावरली. पुढें हॉलिवुडमधील दृश्यें जुळावींत म्हणून कित्येक टन माती गाड्यांतून तिकडे नेण्यांतहि आली. दिग्दर्शक डिक पॉवेल १९६३ मध्यें, सूझन हेवर्ड १९७५ मध्यें, जॉन वेन १९७९ मध्यें, असे एकामागून एक कर्करोगानें गेले. १९८० सालीं एका अमेरिकन साप्ताहिकानें हिशेब मांडला: २२० जणांपैकीं ९१ जणांस तो रोग झाला आणि ४६ दगावले. हा आंकडा सावधपणें घ्यावयास हवा. कर्करोग हा एरवींहि तेथें दुर्मिळ नाहीं, आणि वेनसारखे कित्येक जण अट्टल धूम्रपान करणारे होते. अमक्याचा मृत्यू धुळीनें आणि तमक्याचा तंबाखूनें, असा निवाडा करतां येत नाहीं. परंतु ज्या पायूट जमातीच्या लोकांना मोंगल घोडेस्वार म्हणून त्याच धुळींत दौडविलें, त्यांची त्या २२० मध्यें मोजदादच नाहीं. गांवकऱ्यांनीं तर तो वारा वर्षानुवर्षें सोसला. त्या टापूंतील रोगग्रस्तांस नुकसानभरपाई देणारा कायदा १९९० सालीं झाला. त्यांच्या आजारास शाप असें कोणीं म्हटलें नाहीं, कारण त्यांत नामांकित नट नव्हते.

भारतांतहि याचा दाखला आहे. ८ फेब्रुवारी १९८९ रोजीं म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओंत टिपू सुलतानावरील दूरदर्शन-मालिकेचें चित्रण चालू असतां आग लागली. आवाज घुमूं नये म्हणून भिंतींस गोणपाट लावलेलें, प्रखर दिव्यांनीं हवा तापलेली, वारा खेळावयास जागा नाहीं आणि आग विझविण्याची साधनें अपुरीं. पन्नासांहून अधिक माणसें गेलीं. दिग्दर्शक व नायक संजय खान अत्यंत भाजले, त्यांच्यावर दीर्घकाळ शस्त्रक्रिया चालल्या, आणि लोकांच्या ध्यानांत बहुधा तेंच राहिलें आहे. मेलेल्यांत बहुतेक साधे कामगार आणि किरकोळ भूमिका करणारे होते.

आग आणि पिस्तुल निदान डोळ्यांना दिसतात. झोंपेचें तसें नाहीं. १९९७ सालीं कॅलिफोर्नियांत एक साहाय्यक छायालेखक १९ तासांचें काम आटोपून मोटारीनें घरीं निघाला, वाटेंत त्याचा डोळा लागला आणि तो अपघातांत ठार झाला. तेव्हां दिवसास १४ तासांची तरी मर्यादा असावी (मागणी केवढी माफक!) म्हणून हजारों सहकाऱ्यांनीं सह्या केल्या. ख्यातनाम छायालेखक हॅस्केल वेक्सलर यांनीं या विषयावर २००६ सालीं स्वतंत्र अनुबोधपटहि काढला.

आणि तरीहि २१ ऑक्टोबर २०२१ रोजीं न्यू मेक्सिकोंत 'रस्ट' या चित्रपटाच्या तालमींत पिस्तुलांतून खरी गोळी सुटून हॅलिना हचिन्स ही ४२ वर्षांची छायालेखिका ठार झाली. या वेळीं गोळी नळींत अडकलेली नव्हती, सबंध जिवंत काडतूसच भरलेलें होतें. त्यापूर्वीं कांहीं दिवस तेथें नकळत बार उडाले होते. मुक्कामाची दूरची सोय आणि सुरक्षिततेची हेळसांड यांस कंटाळून कॅमेरा विभागांतील बरेच जण अपघाताच्या कांहीं तास आधींच काम सोडून गेले होते. शस्त्रें सांभाळणाऱ्या तरुणीस दुसऱ्याहि सामानाची व्यवस्था पाहावी लागे; २०२४ सालीं तिला १८ महिन्यांची शिक्षा झाली. उरलेलें चित्रण २०२३ सालीं मोन्टाना संस्थानांत पुरें करण्यांत आलें. चालूं शकेल असें एकहि शस्त्र आणि कोणत्याहि जातीचें काडतूस तेथें आणूं नये, असा निर्बंध त्या वेळीं घालण्यांत आला होता.