बांबूच्या कांबीवर मोजलेलं रान

हत्तीवर बसलेल्या माणसाच्या डाव्या हातात बांबूच्या चार कांबी, उजव्या हातात चाकू. हत्ती डोंगराच्या धारेने चालतो आहे. वाटेलगत सागाचं झाड आलं, की त्याचा घेर पाहून एका कांबीवर खाच पडते. ब्रह्मदेशातल्या पेगूचा साग डीट्रिश ब्रँडिस यांनी १८५६ साली मोजायला घेतला तो असा. दमट रानात कागदाचा भरवसा नव्हता. बांबूवरची खाच भिजून पुसली जात नाही.

ब्रँडिस हे बॉनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणारे जर्मन. त्यांना लॉर्ड डलहौसी यांनी पेगूच्या जंगलांवर नेमलं, त्यामागे जहाजांची भूक होती. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ मध्ये बांधलेली ‘त्रिंकोमाली’ मलबारच्या सागाची. इंग्लंडमधल्या हार्टलपूलला ती आजही पाण्यावर आहे. पुढे व्यापाऱ्यांची नजर ब्रह्मदेशाकडे वळली. इंग्रजांनी १८२६ मध्ये घेतलेल्या तेनासरीमचा साग ठेकेदारांनी ओरबाडून काढला. १८५२ च्या युद्धात पेगू हाती आलं, तेव्हा तिथेही तेच होणार अशी धास्ती होती.

आता किती तोडायचं? या प्रश्नाचं उत्तर तोवर बाजार देत असे. ब्रँडिस यांनी तो रानालाच विचारला.

सगळं जंगल मोजणं शक्यच नव्हतं. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंचा पट्टा मोजायचा आणि त्यावरून उरलेल्या रानाचा अंदाज बांधायचा. आज ज्याला नमुना पाहणी म्हणतात, ती हीच. चार कांबी म्हणजे घेराचे चार वर्ग: सहा फूट आणि त्याहून जाड, साडेचार ते सहा, दीड ते साडेचार, आणि त्याखालची कोवळी झाडं.

खरी बुद्धी पुढच्या पायरीत आहे. दुसऱ्या वर्गातल्या झाडाला पहिल्या वर्गात यायला सुमारे २४ वर्षं लागतात, असं गणित त्यांनी धरलं. मग पहिल्या वर्गातला चोविसावा भागच दरवर्षी तोडायचा. तो साठा संपेपर्यंत मागची फळी जाडजूड होऊन उभी असते. सागाच्या बुंध्यात वर्षावलयं स्पष्ट दिसतात, त्यामुळे वाढीचा वेग पडताळता येतो. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक झाडांबाबत ही सोय नाही. निव्वळ भागाकाराचा हा नियम, पण ठेकेदाराला ‘यापुढे नाही’ असं सांगण्याचा आधार त्यातूनच मिळाला, आणि म्हणून त्याचं मोल फार मोठं आहे.

त्या कांबींवर काय उमटलं नाही, हेही पाहायला हवं. खाच फक्त सागाला होती. भोवतालची बाकीची झाडं या हिशेबात आली नाहीत. डोंगरउतारावर फिरती शेती करणाऱ्या करेन लोकांचं रान तर सरकारच्या लेखी आधी अडचणच होतं. पुढे ‘टाँग्या’ पद्धतीत त्यांच्याच शेतांत, त्यांच्याच हातांनी साग लावला गेला.

ब्रँडिस १८६४ मध्ये हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले आणि मोजणीवर बेतलेली वनव्यवस्था त्यांच्याबरोबर इथे आली. १८७८ मध्ये डेहराडूनला वनशाळा निघाली, १९०६ मध्ये संशोधनसंस्था. ब्रह्मदेशात मात्र घेर पाहून निवडक साग तोडण्याची त्यांची रीत, तोडीच्या फेऱ्या बदलत, इंग्रज गेल्यावरही चालूच राहिली.