सुप्रातून १००० हॉर्सपॉवर काढायची तर टर्बोआधी पेट्रोलचा हिशोब का करावा लागतो?

इन्स्टाग्रामवर गाड्यांची रील्स बघत असाल तर टोयोटा सुप्रा तुम्हाला नक्की माहीत असणार. २००१ साली आलेल्या 'द फास्ट अँड द फ्युरियस'मधली ती नारिंगी गाडी. अमेरिकेतल्या ड्रॅग स्ट्रिपवर आजही ही गाडी पुढची चाकं हलकी करत सुटते, खाली कॅप्शन असतं '१००० हॉर्सपॉवर' आणि कमेंटमध्ये एकच चर्चा सुरू होते, टर्बो कोणता बसवलाय?

प्रश्न चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. टर्बो करतो काय, तर बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. नुसत्या हवेनं ताकद येत नाही. त्या प्रत्येक किलो हवेबरोबर ठरलेलं इंधन आत जावं लागतं आणि ते वेळेवर पोचलं नाही, तर लाखो रुपयांचं इंजिन एका सेकंदाच्या आत भंगारात जातं. म्हणूनच अनुभवी ट्यूनर गाडी ताब्यात घेतली की बॉनेट उघडण्याआधी पेट्रोलची टाकी बघतो.

ड्रॅग रेस म्हणजे सरळ रस्त्यावर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. वळण नाही, ब्रेक नाही, फक्त ॲक्सिलरेटर. हजार हॉर्सपॉवरची नीट बांधलेली सुप्रा हे अंतर नऊ सेकंदांच्या आसपास कापते. आता या नऊ सेकंदांत तिला पेट्रोल किती लागत असेल? साधारण एक लिटरही नाही.

मग अडचण काय आहे? अडचण वेगाची आहे. टर्बो इंजिनाला दर हॉर्सपॉवरमागे तासाला अंदाजे ०.६ पौंड पेट्रोल लागतं, असं ट्यूनर मंडळी धरून चालतात. हजार हॉर्सपॉवरला झाले ६०० पौंड, म्हणजे २७२ किलो. लिटरमध्ये सांगायचं तर तासाला ३६५ लिटर, मिनिटाला सहा लिटरच्या वर. घरातला नळ पूर्ण सोडल्यावर बादली ज्या वेगानं भरते, जवळपास त्याच वेगानं पेट्रोल टाकीतून निघून इंजिनात पोचलं पाहिजे. आणि तेसुद्धा प्रचंड दाबाखाली, सहा बारीक छिद्रांमधून, मिलिसेकंदाच्या हिशोबानं.

कमी पेट्रोल मिळालं तर गाडी हळू पळेल ना फक्त?

नाही. इथेच बऱ्याच हौशी लोकांची इंजिनं जातात.

पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, हे पुस्तकातलं प्रमाण. पण टर्बो जोरात असताना ट्यूनर मुद्दाम जास्त पेट्रोल ओततात, १ भागाला साडेअकरा ते बारा भाग हवा. हे जादा पेट्रोल जळण्यासाठी नसतंच, ते बाष्प होताना आतली उष्णता शोषून घेतं. एक प्रकारचा घाम म्हणा ना.

हे प्रमाण बिघडून हवा जास्त झाली की सिलिंडरमधलं तापमान चढतं आणि मिश्रण ठिणगी पडून शिस्तीत जळण्याऐवजी स्वतःहून भडकतं. याला डेटोनेशन म्हणतात. पिस्टनवर हातोड्याचे घाव बसावेत तसे धक्के बसतात. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि ज्वलनाच्या वायूंचं तापमान २००० अंशांच्या वर असतं. मधे जो काही बचाव असतो, तो याच प्रमाणाचा. तो गेला की पिस्टनला भोक पडतं. आणि ड्रायव्हरला तोवर काही कळतही नाही, कारण हवा जास्त झाली की सुरुवातीला गाडी उलट थोडी खुशीतच पळते.

कंपनीची सिस्टीम कुठे दमते?

या सुप्रातलं इंजिन म्हणजे तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं टूजेझेड-जीटीई. अमेरिकेत विकलेल्या गाडीत ते ३२० हॉर्सपॉवर द्यायचं आणि त्यात ५५० सीसीचे इंजेक्टर असायचे, म्हणजे एक इंजेक्टर मिनिटाला ५५० मिलिलिटर पेट्रोल सोडू शकतो. जपानच्या बाजारातल्या गाडीत ४४० सीसीचे. लोखंडी ब्लॉक इतका दणकट की कंपनीच्या आकड्याच्या दुपटीलाही तो कुरकुरत नाही. पेट्रोलची बाजू मात्र त्याआधीच हात वर करते.

गणित सोपं आहे. इंजेक्टर कायम उघडा ठेवता येत नाही, साधारण ८५ टक्के वेळ उघडा हीच सुरक्षित मर्यादा. सहा इंजेक्टर, प्रत्येकी ५५०, त्याचे ८५ टक्के. मिनिटाला २.८ लिटर. एवढ्यात साडेचारशे हॉर्सपॉवरच्या आसपास गाडी अडते. हजारासाठी याच हिशोबानं १२०० सीसीचे इंजेक्टर लागतात.

पूर्वी इतके मोठे इंजेक्टर बसवले की गाडी सिग्नलवर उभी राहायला नकार द्यायची. आयडलिंगला पेट्रोल लागतं चिमूटभर आणि इंजेक्टरचा वॉल्व्ह उघडायलाच एक मिलिसेकंदाच्या आसपास वेळ जातो. बॅटरीचं व्होल्टेज पडलं की तो वेळ आणखी वाढतो. आताचे इंजेक्टर कंपनीच्या टेस्टिंग डेटासह येतात, तो ईसीयूमध्ये भरला की हजार हॉर्सपॉवरची गाडीही शांत उभी राहते. स्वस्तातले, बिनडेटाचे इंजेक्टर घेणारे इथे फसतात. जुन्या सुप्रात आणखी एक गोष्ट विसरली जाते. तिचे मूळचे इंजेक्टर कमी रोधाचे होते आणि त्यांच्यासाठी वायरिंगमध्ये वेगळा रेझिस्टर बॉक्स होता. नवे, जास्त रोधाचे इंजेक्टर घातल्यावर तो बॉक्स बाजूला काढावा लागतो.

दाबाचा खेळ

सगळ्यात जास्त गैरसमज ज्याबद्दल आहेत तो भाग हा, त्यामुळे जरा सावकाश.

इंजेक्टरच्या मागे, म्हणजे रेलमध्ये, साधारण ३ बार दाब ठेवलेला असतो. पुढे असतो इनटेक मॅनिफोल्ड. टर्बो शांत असताना तिथे विरोध नसतो, त्यामुळे पेट्रोल ३ बारच्या जोरानं फवारलं जातं. आता टर्बोनं मॅनिफोल्डमध्ये २ बारचा बूस्ट भरला. पेट्रोलला आता त्या हवेविरुद्ध आत घुसायचंय. मागे ३, पुढे २. हातात उरला फक्त १ बार. प्रवाह दाबातल्या फरकाच्या वर्गमुळानुसार बदलतो, म्हणजे इंजेक्टर तेवढाच वेळ उघडा राहूनही पेट्रोल मिळणार जेमतेम ५८ टक्के. तेही नेमकं त्या क्षणी, जेव्हा इंजिनाला ते सगळ्यात जास्त हवंय.

यावरचा उपाय म्हणजे बूस्टचा पाइप जोडलेला प्रेशर रेग्युलेटर. बूस्ट जितका चढेल तितकाच तो रेलचा दाब चढवतो. २ बार बूस्टला रेलमध्ये ५ बार. फरक पुन्हा ३. हा बारीकसा रबरी पाइप काही रुपयांचा असतो, पण तो निसटला तर काय होईल हे वरच्या गणितातून दिसतंच.

आता पंपाकडे या. पंपावर छापलेला आकडा कमी दाबाचा असतो. बाजारात २५५ आणि ४५० लिटरचे वॉल्ब्रो पंप प्रसिद्ध आहेत, पण रेलचा दाब ५ बारला गेला की कोणत्याही इलेक्ट्रिक पंपाचा प्रवाह घटतो. म्हणून पंप घेताना पाकिटावरचा आकडा बघायचा नाही, ५ बारला तो किती देतो तो आलेख बघायचा. शिवाय एवढ्या दाबाला मोठा पंप १५ अँपिअरपेक्षा जास्त करंट ओढतो आणि वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीची मूळ वायर त्याला पुरत नाही. वायरीतच व्होल्टेज पडतं, पंप मंदावतो आणि मालक पंपाच्या कंपनीला शिव्या घालतो. बॅटरीपासून थेट जाड वायर, स्वतंत्र रिले आणि चांगलं अर्थिंग. अख्ख्या कामातला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा भाग आहे.

आणि मग इथेनॉल

अमेरिकेतल्या ड्रॅगवाल्यांचं लाडकं इंधन म्हणजे ई८५. नावात ८५ आहे, कारण त्यात ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असू शकतं. आपल्याकडे पंपावर मिळणाऱ्या ई२० मध्ये ते २० टक्के असतं. इथेनॉल सहजासहजी डेटोनेट होत नाही आणि बाष्प होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं. थोडक्यात, पंपावर मिळणारं स्वस्तातलं रेसिंग फ्युएल.

पण त्यात ऊर्जा कमी असते, त्यामुळे ३० ते ४० टक्के जास्त ओतावं लागतं. आपली सहा लिटरची गरज आता मिनिटाला आठ लिटरच्या वर गेली. १२०० सीसीचे इंजेक्टर पुन्हा छोटे पडले, १६०० सीसी हवेत. एका पंपाचं काम दोन पंपांवर गेलं. म्हणूनच 'आधी पेट्रोलवर करू, मग इथेनॉलचं बघू' असं म्हणणारा बहुतेक वेळा दोनदा पैसे घालतो.

दोन पंप लावले की प्रत्येकाच्या तोंडाशी एकमार्गी वॉल्व्ह हवाच. नाहीतर एक पंप बंद पडला की दुसऱ्याचं इंधन त्याच्यातूनच परत टाकीत जातं. काही जण दुसरा पंप फक्त बूस्ट चढल्यावर सुरू होईल असा जोडतात, कारण दोन्ही सतत चालले की इंधन गोल गोल फिरून तापतं. पण तो दुसरा पंप मेलाय हे पहिल्यांदा कळतं ते ऐन शर्यतीत, हा त्यातला धोका.

इथेनॉल साध्या रबरी होजला आणि कागदी फिल्टरला मानवत नाही. आतून पीटीएफई म्हणजे टेफ्लॉनचं अस्तर असलेले होज घ्यावे लागतात, पंपाआधी १०० मायक्रॉनची जाळी आणि नंतर १० मायक्रॉनचा फिल्टर. ते हवेतलं पाणीही ओढून घेतं, त्यामुळे सीझन संपल्यावर गाडी तशीच ठेवली तर पंप आणि इंजेक्टर आतून खराब होतात. शिवाय अमेरिकेतही पंपावरच्या ई८५ मधलं खरं प्रमाण ऋतूनुसार ५१ ते ८३ टक्के असं बदलतं. त्यावर उपाय म्हणून लाइनमध्ये फ्लेक्स फ्युएल सेन्सर बसवतात, तो प्रमाण मोजून ईसीयूला सांगतो.

दीड हजार हॉर्सपॉवरच्या पुढे बरेच जण मिथेनॉलकडे वळतात. तिथे हवा-इंधनाचं प्रमाणच ६.४ ला १ असतं, त्यामुळे इलेक्ट्रिक पंप सोडून इंजिनाच्या बेल्टवर किंवा कॅमवर फिरणारा मेकॅनिकल पंप लावतात. इंजिन बंद तर पंप बंद, हा त्याचा मोठा फायदा. मिथेनॉलची ज्वाला उन्हात दिसत नाही. १९८१ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत पिटमध्ये इंधन भरताना रिक मिअर्सच्या अंगावर मिथेनॉल सांडून पेटलं, तेव्हा त्याला आग लागली आहे हे आजूबाजूच्यांना लगेच समजलंच नाही. त्याचा चेहरा भाजला.

टाकीत पेट्रोल असूनही संपतं

ड्रॅग कार सुटते तेव्हा टाकीतलं सगळं इंधन मागच्या भिंतीवर चढतं. पंपाचं तोंड टाकीच्या मधे असेल तर त्याला मिळते हवा. अर्धा सेकंदही पुरतो. म्हणून पिकअप टाकीच्या मागच्या टोकाला, खाली खोलगट भाग करून बसवतात, किंवा एक-दोन लिटरची सर्ज टँक मधे ठेवतात. ती कायम काठोकाठ भरलेली असते आणि मुख्य पंप तिच्यातून ओढतो.

आगीचा विचारही इथेच येतो. अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या नियमांत गाडीच्या मागे बाहेरून हाताला येईल असा मास्टर स्विच लागतो आणि तो दाबल्यावर फ्युएल पंपही बंद व्हावा लागतो. ड्रायव्हर बेशुद्ध असेल तर बाहेरच्या माणसाला ते आठ लिटर थांबवता आले पाहिजेत, एवढा साधा हेतू.

सगळं बसवून झाल्यावर ते पुरतंय की नाही हे कसं ओळखायचं? रेलवर प्रेशर सेन्सर लावायचा आणि रन झाल्यावर लॉग बघायचा. रेलचा दाब वजा बूस्ट, हा फरक पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत ३ बारवर सपाट राहिला पाहिजे. शेवटच्या शंभर मीटरमध्ये ती रेघ खाली झुकत असेल तर पंप, वायर किंवा फिल्टर यांपैकी कोणीतरी दमलंय. आजचे चांगले ईसीयू हाच फरक सतत तपासतात आणि तो ठरलेल्या आकड्याखाली गेला की स्वतःच बूस्ट तोडतात. शर्यत जाते, इंजिन वाचतं.

महाराष्ट्रात हे बघायचं तर लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या 'व्हॅली रन'चे व्हिडिओ शोधा, तिथे पाव मैलावर टर्बो लावलेल्या गाड्या पळाल्या आहेत. रस्त्यावरच्या गाडीचं प्रकरण मात्र वेगळं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच अधोरेखित केलं. त्यामुळे १६०० सीसीचे इंजेक्टर आणि दोन पंप लावलेली गाडी एक्स्प्रेस वेवरून स्वतःच्या चाकांवर नव्हे, ट्रेलरवर चढवूनच न्यावी लागते.